पाटल्या मोडू नका, स्टॉक स्टेटमेंट उघडा

वाचकाचं पत्र:

"ताई, माझं वय ३२. अंबडच्या कॉलेजातून बी.कॉम. केलं आणि लग्न होऊन जालन्याला आले. सात वर्षांपासून इथल्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. टॅली, जीएसटी, टीडीएस, बँकेला द्यायचं मालसाठ्याचं स्टॉक स्टेटमेंट, सगळं मीच करते. दिवाळीनंतर पुण्याहून एमबीए फायनान्स झालेला सव्वीस वर्षांचा मुलगा आला, आता तो माझा साहेब. तो माझ्याकडूनच आकडे घेतो आणि मालकांपुढे मांडतो. मलाही नोकरी सांभाळून एमबीए करायचंय. एका एजंटाचे सारखे फोन येतात : दीड वर्षात डिग्री, परीक्षेचं टेन्शन नाही, फक्त १ लाख २० हजार एकरकमी भरा. माझ्याकडे आईच्या पाटल्या आहेत, त्या मोडाव्यात असं मनात आहे. मिस्टरांचा विरोध नाही. सासूबाई म्हणतात, आता लेकीचं शिक्षण बघावं का स्वतःचं? मुलगी दुसरीत आहे. इंग्रजीची भीती वाटते, गणित बारावीनंतर सुटलं. करू का? कुठून करू? जमेल का? – एक वाचक, जालना"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'तो माझ्याकडूनच आकडे घेतो' या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबले. मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, परभणीत आणि नंतर संभाजीनगरात. लिमिट, म्हणजे कर्जाची मर्यादा, वाढवून मागायला कारखानदार यायचे. समोरच्या खुर्चीवर मालक, शेजारी सीए आणि मागे भिंतीला लागून फायलींची पिशवी मांडीवर घेतलेला अकाउंटंट. मी विचारायचे, "यंदा येणी एवढी का वाढली?" मालक सीएकडे बघायचे, सीए फाईल चाळायचे. उत्तर पिशवीवाल्याला पाठ असायचं. कोणत्या व्यापाऱ्याने किती दिवस अडकवलं, का अडकवलं, सगळं. पण त्याला कुणी विचारायचं नाही आणि तोही आपणहून बोलायचा नाही, कारण बँकेच्या भाषेत ते कसं मांडायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसायचं.

तुम्ही आज त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर आहात. तिथून टेबलापाशी यायचं, एवढ्यासाठीच ही पदवी करा. साहेबाची बरोबरी करायला करणार असाल तर दुसऱ्या सत्रातच जीव उबगेल.

आधी पाटल्यांचं. त्या मोडू नका. आणि त्या एजंटाला आज फोन करून नाही म्हणा, "बघते, सांगते" असं ठेवू नका. 'परीक्षेचं टेन्शन नाही' हे ज्या पदवीबद्दल सांगितलं जातं, ती पदवी तुम्हाला त्या टेबलापाशी नेणार नाही. बँकेतल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला की तिचा उपयोग संपला. दहा दिवसांत एमबीए अशाही जाहिराती मध्यंतरी निघाल्या होत्या आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला, म्हणजे यूजीसीला, त्याविरुद्ध जाहीर सूचना काढावी लागली होती. एमबीए ही दोन वर्षांची पदवी आहे. ती दीड वर्षात देतो म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटं बोलतोय. शिवाय दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालवायला यूजीसीची बंदी आहे. म्हणजे मध्ये बसून एकरकमी पैसे घेणाऱ्या माणसाची या व्यवहारात जागाच नाही. प्रवेश थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर घ्यायचा, फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरायची आणि एका वेळी एकाच सत्राची. तेवढी रक्कम पगारातून बाजूला निघते. आईच्या हातातल्या पाटल्या आहेत त्या, ताई. त्यांची वेळ ही नव्हे.

आता कुठून करायचं. संध्याकाळच्या वर्गाचं पार्ट टाइम एमबीए करायचं तर तुम्हाला संभाजीनगर गाठावं लागेल. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर, कारखाना सुटल्यावर, घरी दुसरीतली पोर. हे मी तुम्हाला सुचवणार नाही. तुमच्यासाठी दूरस्थ शिक्षणच बरं, आणि त्यात सरकारी मुक्त विद्यापीठ आधी बघा. १९८५ साली स्थापन झालेलं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ सालचं आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, ही दोन. नाशिकच्या विद्यापीठाची विभागीय केंद्रं संभाजीनगर आणि नांदेडला आहेत, एखाद्या शनिवारी जाऊन समोरासमोर बोलता येईल. कुठेही प्रवेश घ्या, पण आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तुमचा अभ्यासक्रम आणि तुम्ही प्रवेश घेणार ते सत्र, तिन्ही गोष्टी यादीत आहेत का ते स्वतः पाहा. विद्यापीठ मान्य असतं आणि नेमका तो अभ्यासक्रम त्या वर्षी मान्य नसतो, असंही होतं. अशी मान्यता असलेली दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. २०२० च्या नियमावलीतच तसं कलम आहे. प्रवेशासाठी डीईबी आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, काढावा लागेल. तो आधार आणि एबीसी आयडी (क्रेडिटच्या सरकारी खात्याचा क्रमांक) यांवरून घरबसल्या निघतो.

इग्नूच्या एमबीएला पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गात ४५ टक्के गुण लागतात. तुमचे किती ते पत्रात नाही, तेवढं पाहून घ्या. वित्त हा विशेष विषय तिथे आहे. पुढचं सगळं मी इग्नूचं उदाहरण धरूनच सांगते, कारण त्याची रचना मला नीट माहीत आहे.

'जमेल का' या प्रश्नाचं उत्तर मला आकड्यांतच द्यायचंय. इग्नूचं एमबीए ११६ क्रेडिटचं आहे आणि एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास असं ते विद्यापीठच धरतं. गुणाकार करा : ३,४८० तास. दोन वर्षांत संपवायचं तर आठवड्याला साधारण ३३ तास. सहा दिवस कारखाना, दोन वेळचा स्वयंपाक, नळाला पाणी येईल त्या दिवशी भांडीकुंडी भरायची धांदल, हे सगळं असताना ३३ तास कुठून आणाल? कुणालाच आणता येत नाहीत. मग दुसऱ्या सत्रात पेपर राहतात आणि माणूस म्हणतो, माझ्यात कुवत नाही. कुवतीचा काही संबंध नसतो, भागाकार आधी केलेला नसतो. हेच एमबीए पूर्ण करायला चार वर्षांपर्यंत मुदत मिळते. चार वर्षांत आठवड्याला १७ तासही पडत नाहीत. त्यात 'अकाउंटिंग फॉर मॅनेजर्स'सारख्या विषयाला तुम्हाला निम्मा वेळ पुरेल. तीन ते साडेतीन वर्षांचा बेत करा आणि तो पहिल्याच दिवशी घरात बोलून दाखवा. म्हणजे दोन वर्षांनी "अजून झालं नाही का?" हा प्रश्न तुम्हाला टोचणार नाही.

हे तास कोणत्या दिवसांतून काढायचे? तुमचा महिना माझ्या डोळ्यांपुढे आहे. ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-१, २० ला कर भरण्याचं थ्री-बी, मध्येच बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत पुस्तक उघडायचं नाही, असं सरळ ठरवून टाका. रोज पहाटे अभ्यास करायचा असा नेम करतात आणि तो १० तारखेला मोडतो. एकदा मोडला की मन खट्टू होतं आणि पुस्तक कपाटात जातं. त्याऐवजी २१ ते महिनाअखेरचे दिवस घट्ट धरा. थ्री-बी भरून झालेलं असतं, महिन्याचं क्लोजिंग अजून लांब असतं. रविवारचे चार तास वेगळे.

वर्षाचंही तसंच. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनच्या आधी तुमचं काय चाललेलं असतं? मार्चअखेर, मग ताळेबंदाची तयारी, ३१ मेला शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण. वर जालन्याचा उन्हाळा आणि पाण्याची ओढ. म्हणून जूनमध्ये थोडे आणि सोपे पेपर द्या. टॅक्स ऑडिटची गडबड सप्टेंबरबरोबर बरीचशी ओसरते, तेव्हा अवघड विषय डिसेंबरसाठी ठेवा. 'क्वांटिटेटिव्ह अॅनालिसिस' हा संख्याशास्त्राचा पेपर तर डिसेंबरलाच. स्वाध्याय मात्र कधीही मागे ठेवू नका. साधारण तीस टक्के गुण त्यांचे असतात आणि ते घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून मिळवायचे असतात.

गणिताची भीती म्हणता. तुम्ही भिशी लावता ना? आपल्याकडे बाईला भिशी माहीत नाही असं होत नाही. समजा वीस जणींची लिलावाची भिशी आहे, महिना पाच हजार. एक लाख जमले. एकीच्या घरात लग्न आहे, तिला आत्ता हवेत, ती ८८ हजारांवर उचलते. उरलेले १२ हजार वीस जणींत वाटले जातात. त्या बाईने १२ हजार कशाचे दिले? पैसे आधी मिळाल्याचे. फायनान्सच्या पुस्तकात 'टाइम व्हॅल्यू ऑफ मनी' नावाचा जो धडा पहिल्यांदा घाबरवतो, तो एवढाच आहे. पुढची सगळी सूत्रं त्याच्यावर उभी आहेत.

एक गणित तुमच्याच कारखान्यात बसवून करू. मालकांना दहा लाखांचं एक यंत्र घ्यायचंय. त्याने इंधन-विजेत वर्षाला तीन लाख वाचतात आणि ते पाच वर्षं चालतं. टॅलीच्या सवयीने तुम्ही म्हणाल, पाच त्रिक पंधरा, दहा गेले, पाच लाख फायदा. आता भिशी आठवा. पैसा बारा टक्क्यांनी आणलाय असं धरलं तर वर्षाने वाचणारे तीन लाख आज २ लाख ६८ हजारांचेच आहेत. दुसऱ्या वर्षीचे २ लाख ३९ हजारांचे आणि पाचव्या वर्षीचे तर १ लाख ७० हजारांचे. पाचही मिळवले तर १० लाख ८१ हजार होतात. म्हणजे फायदा पाच लाखांचा नाही, ८१ हजारांचा. आणि पैसा सोळा टक्क्यांनी आणला असेल तर बेरीज ९ लाख ८२ हजारांवर येते. यंत्र घेणं तोट्याचं! यंत्र तेच आणि बचतही तेवढीच, व्याजाचा दर बदलला आणि निर्णय उलटा झाला. तुमचा तरुण साहेब मालकांपुढे एनपीव्ही (नेट प्रेझेंट व्हॅल्यू, म्हणजे आजच्या किमतीतला निव्वळ फायदा) म्हणून जे मांडतो ते हेच. तुम्ही ते आज रात्री साध्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा. दर वर्षी १.१२ ने भागत जायचं, बस.

इंग्रजीसाठी जाड शब्दकोश घेऊन बसू नका. एक लांब वही घ्या. डावीकडे पुस्तकातला शब्द जसाच्या तसा लिहा, उजवीकडे त्याचा अर्थ तुम्ही कारखान्यात जसा बोलता तसा. 'डेटर्स टर्नओव्हर'समोर 'उधारी किती फेऱ्यांत वसूल होते' असं लिहा. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी वित्ताच्या पेपरात वाक्यं छोटी चालतात, आकडेमोडीचा भाग मोठा असतो आणि तेच दीडदोनशे शब्द फिरून फिरून येतात. मी मराठी माध्यमातून आले होते आणि नोकरीत असतानाच शिकले. पहिल्या वर्षी उत्तरं पाठ करून गेले आणि संख्याशास्त्रात नापास झाले. दुसऱ्या खेपेला शाखेतल्या कर्जखात्यांचे आकडे घेऊन तेच प्रश्न सोडवले, तेव्हा विषय हाताला लागला. म्हणून मी तुम्हाला सारखं कारखान्याच्या वह्यांकडे ढकलतेय.

आणि तुमच्याकडे जी वही आहे तशी पुण्याच्या वर्गातल्या किती मुलांना बघायला मिळते? स्टॉक स्टेटमेंटच घ्या. माल समजा १ कोटी ६० लाखांचा आहे. त्यातून तुम्ही भंगारवाल्यांची, म्हणजे सळईचा कच्चा माल उधार देणाऱ्यांची, ४० लाख देणी वजा करता, १ कोटी २० लाख उरतात. त्यावर बँक समजा २५ टक्के मार्जिन, म्हणजे मालकाचा स्वतःचा हिस्सा, कापते आणि ९० लाख ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलता येणारी रक्कम, धरते. सात वर्षं तुम्ही ही वजाबाकी करताय. देणी का वजा करायची, हे कधी कुणी सांगितलं? ४० लाखांच्या मालात आधीच भंगारवाल्याचा पैसा अडकलाय, त्याच मालावर बँक दुसऱ्यांदा पैसा देत नाही. लिमिट ठरवण्याची रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीची पद्धतही अशीच मुळापासून समजून घ्या. वर्षाची अंदाजित उलाढाल दहा कोटी असेल तर खेळतं भांडवल तिच्या २५ टक्के, म्हणजे अडीच कोटी. त्यातले दोन कोटी बँकेने द्यायचे आणि पन्नास लाख मालकाने घालायचे. छोट्या उद्योगांच्या पाच कोटींपर्यंतच्या लिमिटला बँका हाच हिशेब लावतात. पण २५ टक्केच का? कारण भंगार आणल्यापासून सळईचे पैसे हातात येईपर्यंत तीन महिने जातात असं गृहीत धरलंय, वर्षाचा चौथा हिस्सा. मग तुमच्या कारखान्यात खरोखर किती दिवस जातात? कच्चा माल किती दिवस पडून राहतो, सळई गोदामात किती दिवस, व्यापाऱ्याकडे उधारी किती दिवस आणि भंगारवाला आपल्याला किती दिवस थांबतो? पहिल्या तिन्हींची बेरीज करून चौथा वजा करा. हा आकडा नव्वदच्या वर असेल तर तुमचे मालक दर महिन्याच्या शेवटी का चिडलेले असतात ते तुम्हाला कळेल. विशेष विषयांत 'वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट' नावाचा अख्खा पेपर आहे, तो तुम्ही निम्मा शिकूनच आलेला आहात. शेवटी प्रकल्प करावा लागतो, तो याच विषयावर आपल्याच कारखान्यावर करा. मालकांची लेखी परवानगी मात्र आधीच घ्या, आकडे त्यांचे आहेत.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांनी विचारलंय त्यात काळजी आहे, ती आकसाने बोललेली गोष्ट नाही. त्यांच्याशी वाद घालून एमबीए होणार नाही. त्यांना दोनच गोष्टी नेमक्या मागा : महिन्याचे शेवटचे आठ-नऊ दिवस रात्रीची भांडी आणि रविवारी सकाळी चार तास लेकीला सांभाळणं. मिस्टरांना 'विरोध नाही' एवढ्यावर सोडू नका, घरातलं एक काम त्यांच्या नावावर लिहा. पाणी भरणं ते करू शकतात. आणि लेकीला अभ्यासाला शेजारी बसवा. तिचे पाढे आणि तुमची वही एकाच सतरंजीवर मावतात.

नोकरीबद्दल खरं तेच सांगते, कडू लागलं तरी. जालन्याचे बहुतेक कारखाने घरचे आहेत. तिथे पदवी आणली म्हणून पगार वाढतोच असं नाही, गादीवर पुढची पिढी बसते. प्रवेश घेण्याआधी मालकांना एकदा विचारा, "मी वित्ताचं शिकतेय, बँकेच्या कामात मला सोबत न्याल का?" ते हो म्हणाले तर पदवी हातात येण्याआधीच तिचा उपयोग सुरू होईल. नाही म्हणाले तर संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-वाळूजचे कारखाने, बँका, वित्त कंपन्या यांचे दरवाजे आहेत आणि तिथे सात वर्षांचा अनुभव अधिक एमबीए हे दोन्ही मिळून मोजलं जातं. त्या मुलाशी, तुमच्या साहेबाशी, वैर धरू नका. त्याला सूत्रं येतात, तुम्हाला कारखाना येतो. त्याला एनपीव्ही समजावून मागा. तो सांगेल असं मला वाटतं, आणि नाही सांगितलं तरी तुमचं काही अडणार नाही.

लगेच पैसे भरू नका. इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहेत. 'अकाउंटिंग फॉर मॅनेजर्स' आणि 'क्वांटिटेटिव्ह अॅनालिसिस', दोन्हींचे पहिले भाग मोबाइलवर उतरवा आणि या महिन्याच्या २१ पासून ३० पर्यंत रोज दीड तास वाचून पाहा. दहापैकी सात दिवस जमलं तर जानेवारी किंवा जुलै, जी प्रवेशाची फेरी पुढे असेल तिचा अर्ज भरा. जमलं नाही तर काय आडवं आलं ते मला लिहा, आपण वेळ दुसरीकडून काढू. आणि पुढचं स्टॉक स्टेटमेंट बँकेला पाठवाल त्या दिवशी, मघाशी सांगितलेले ते चार आकडे दिवसांत काढून तुमच्या वहीत लिहून ठेवा. कारखान्याचं नाव न घालता मलाही कळवा, मी तपासून देते.

तुमची,
ताई